अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या आजारात जीन टेस्ट कधी, कोणती आणि कशी करावी

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची एक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन आणि पुरुषी संप्रेरके तयार होतात, तर आतल्या गाभ्यात अ‍ॅड्रिनलिन तयार होते. यांपैकी काय कमी पडले किंवा काय वाढले यावरून आजार ठरतो आणि आजारावरून कोणते जनुक तपासायचे ते ठरते. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि उत्तरही हाती लागत नाही. मागणीपत्रावर नुसते ‘अ‍ॅड्रिनल जेनेटिक पॅनेल’ (एकाच वेळी अनेक जनुकांची तपासणी) असे लिहून रक्त पुण्याला किंवा बेंगळुरूला पाठवले, तर प्रयोगशाळा तिच्या यादीतील जनुके वाचून अहवाल देईल. पण ज्या जनुकात दोष आहे ते त्या पद्धतीने नीट वाचताच येत नसेल, तर अहवालावर ‘दोष आढळला नाही’ असे येईल आणि घरातले लोक निर्धास्त होतील. असा खोटा दिलासा तपासणी न करण्यापेक्षा अधिक घातक असतो.

पुढील मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागात दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि घरात असा आजार निघालेली कुटुंबे या दोघांनाही उपयोगी पडावा अशा बेताने लिहिला आहे. औषधांचे प्रमाण एंडोक्रायनोलॉजिस्टने, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञानेच, ठरवायचे असते, म्हणून त्या तपशिलात येथे शिरलेलो नाही.

जनुकाआधी संप्रेरके

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओढेनासे झाले, उलट्या सुरू झाल्या, वजन वाढण्याऐवजी घटू लागले आणि रक्तात सोडियम कमी व पोटॅशियम जास्त निघाले, तर अ‍ॅड्रिनलची आणि विशेषतः सीएएच या तिच्या जन्मजात आजाराची (त्याविषयी पुढे) शंका सर्वांत आधी घ्यावी. मुलीच्या बाह्य जननेंद्रियात जन्मतःच वेगळेपण दिसत असल्यामुळे तिच्याकडे लक्ष जाण्याची शक्यता अधिक असते. मुलगा मात्र दिसायला अगदी व्यवस्थित असतो, त्यामुळे त्याचा आजार ‘हगवण-उलटी’ या नावाखाली दडून राहतो. अशा वेळी शक्य असल्यास उपचारापूर्वी एक नमुना १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (कॉर्टिसॉल बनण्याच्या वाटेवरचे, सीएएचमध्ये साठणारे द्रव्य) व कॉर्टिसॉल यांसाठी काढून ठेवावा आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोन व सलाइन सुरू करावे. नमुना काढणे जमले नाही तरी उपचार थांबवू नयेत. संप्रेरकांची पातळी उपचाराने बदलते, जनुक मात्र बदलत नाही, आणि येथे जीन टेस्टचा खरा उपयोग दिसतो: बाळ सावरल्यानंतर सहा महिन्यांनी, प्रसंगी सहा वर्षांनीही ती करता येते आणि त्यासाठी औषध बंद करावे लागत नाही.

१७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची पातळी पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक बाळात वाढलेली असते, म्हणून टाचेचे रक्त ४८ तासांनंतर घ्यावे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळात ती नंतरही जास्त राहते. त्यामुळे मागणीपत्रावर गर्भाचे आठवडे व जन्मवजन लिहिणे आवश्यक आहे. आईला प्रसूतीपूर्वी स्टिरॉइडची इंजेक्शने दिली असतील तर तेही लिहावे. मोठ्या मुलीत किंवा स्त्रीत अनियमित पाळी, चेहऱ्यावरील राठ केस अशा कारणांसाठी ही तपासणी करायची असेल, तर नमुना सकाळी आठच्या सुमारास आणि पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा. पातळी डेसिलिटरला २०० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर एसीटीएच (ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) इंजेक्शन देऊन पुन्हा मोजावी. इंजेक्शननंतर ती १,००० च्या वर गेली तर सौम्य स्वरूपाच्या सीएएचचे निदान बहुधा पक्के होते. एसीटीएच स्वतः मोजायचे असेल तेव्हा नळी बर्फात ठेवून लगेच सेंट्रिफ्यूज करावी लागते. कलेक्शन सेंटरवर ही सोय नसेल तर तो नमुना तेथे देऊच नये, कारण तासभर टेबलावर पडलेल्या नळीतील आकडा निरुपयोगी असतो.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी खोदून विचारावी. गुडघेदुखी, दमा किंवा अंगावरील चट्टे यांसाठी रुग्ण बिननावाच्या पुड्या, बाजारात ओळखीच्या माणसाकडून मिळालेल्या गोळ्या किंवा त्वचेची मलमे वापरत असतो आणि त्यांत स्टिरॉइड असते. बाहेरून स्टिरॉइड मिळू लागले की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते; चेहरा गोल होतो, रक्तातील कॉर्टिसॉल मात्र अगदी कमी निघते. या विसंगतीचे उत्तर जनुकात नसून औषधांच्या पिशवीत असते. ती पिशवी रुग्णाला घरून आणायला सांगावी आणि टेबलावर रिकामी करून पाहावी.

वंशावळ काढताना

सीमाभागात मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न होणे नवे नाही, आणि उत्तर कर्नाटकात मामा-भाचीचे लग्नही होते. ‘नात्यात लग्न झाले आहे का?’ असा थेट प्रश्न विचारला की अनेक जण ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते नाते नसून ठरलेली सोयरीक असते. म्हणून नवऱ्याची आई आणि बायकोचे वडील यांचे गाव व घराणे विचारावे, म्हणजे धागा आपोआप जुळतो. साटेलोटे झालेल्या घरांत दोन कुटुंबे दोन ठिकाणी जोडलेली असतात, ते कागदावर दुहेरी रेघेने दाखवावे. मामा आणि भाची यांची सरासरी एक चतुर्थांश जनुके समान असतात, आते-मामे भावंडांची एक अष्टमांश. त्यामुळे ज्या आजारांत दोन्ही पालकांकडून सदोष प्रत यावी लागते, ते आजार अशा लग्नांत अधिक दिसतात. हे सांगताना दोष देण्याचा सूर असू नये, कारण नात्याबाहेर लग्न केलेल्या जोडप्यांनाही हे आजार होतातच.

वंशावळीत जिवंत माणसांइतकीच गेलेली मुले महत्त्वाची असतात. ‘पहिला मुलगा विसाव्या दिवशी गेला, जुलाब झाले होते’ या एका वाक्यात निदान दडलेले असू शकते. कोणत्या बाजूचा नातलग आजारी होता तेही लिहावे. आईचा भाऊ, मावशीचा मुलगा असे आईच्या बाजूचे पुरुषच आजारी असतील तर दोष एक्स गुणसूत्रावर असल्याची शंका येते. काही गाठींच्या आजारांत याउलट वडिलांकडून आलेली प्रतच आजार घडवते, त्याकडे पुढे येऊ.

खऱ्या जनुकाशेजारचे खोटे जनुक

जन्मजात अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया, म्हणजेच सीएएच, हा या ग्रंथीचा सर्वांत जास्त आढळणारा आनुवंशिक आजार आहे. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेने अनेक केंद्रांत मिळून केलेल्या नवजात बालकांच्या तपासणीत साधारण ५,७६२ बाळांमागे एकाला तो आढळला. त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत २१-हायड्रॉक्सिलेज या विकराची कमतरता असते आणि त्याचे जनुक, सीवायपी२१ए२, सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते. येथवर सर्व सोपे आहे. अडचण अशी की त्याच्यापासून डीएनएच्या साधारण तीस हजार अक्षरांच्या अंतरावर सीवायपी२१ए१पी नावाचे एक निकामी जनुक आहे आणि दोघांतील अर्थपूर्ण भाग सुमारे ९८ टक्के सारखा आहे. एकाच गल्लीत एकाच नावाचे दोन पाटील राहत असले की पत्र भलत्या घरी पडते, तसे येथे होते: एक्झोम तपासणीत (सर्व जनुकांचे अर्थपूर्ण भाग एकदम वाचणाऱ्या तपासणीत) डीएनएचे लहान-लहान तुकडे वाचून संगणकाने जागेवर बसवले जातात, आणि हे तुकडे खऱ्या जनुकाचे की खोट्याचे हे संगणकाला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून साध्या एक्झोममध्ये ‘सीवायपी२१ए२ मध्ये काही नाही’ असे आले, तरी त्यावर विसंबून राहू नये.

आजार घडवणारे बहुतेक दोषही याच शेजारामुळे उत्पन्न होतात. जननपेशी तयार होताना ही दोन जनुके एकमेकांसमोर चुकीची जुळतात. कधी निकामी जनुकातील एखादा तुकडा खऱ्यात उतरतो, तर कधी खरे जनुकच बरेचसे गळून जाते किंवा दोहोंचे एक संकर-जनुक तयार होते. गळालेल्या प्रतींचे प्रमाण साधारण २० ते ३० टक्के असते. यावरून प्रयोगशाळेला विचारायचे दोन प्रश्न ठरतात, आणि पैसे भरण्याआधीच ते विचारावेत. सीवायपी२१ए२ वाचण्यासाठी तुम्ही फक्त खऱ्या जनुकाला धरणारा लाँग-रेंज पीसीआर (डीएनएच्या लांब तुकड्याच्या प्रती काढण्याची पद्धत) करता का? आणि गळालेल्या किंवा वाढलेल्या प्रती मोजण्यासाठी एमएलपीए करता का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच नमुना द्यावा. कोणी ‘आमच्या पॅनेलमध्ये चारशे जनुके आहेत’ असे सांगू लागले तर ते या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

तिसरी अट माझ्या मते याहूनही मोठी आहे: आई-वडील दोघांचेही रक्त बाळाबरोबरच पाठवावे. हे का, ते एका कल्पित पण नेहमी घडू शकणाऱ्या उदाहरणावरून पाहू. खानापूर तालुक्यातील एका जोडप्याच्या मुलीला क्षार गळणारा (लघवीवाटे शरीरातील मीठ जाणारा) सीएएच आहे. अक्षरे वाचणाऱ्या तपासणीत मुलीच्या जनुकात ‘सी.२९३-१३सी>जी’ हा नेहमीचा बदल दोन्ही प्रतींत असल्यासारखा दिसतो. आईच्या एका प्रतीत तोच बदल आहे. वडिलांच्या रक्तात मात्र तो कोठेच नाही. कागदावर एवढेच असेल, तर वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका बाळाच्या पितृत्वाची येते, आणि ती कुजबुजीच्या रूपाने जरी घरी पोहोचली तरी एका बाईचा संसार उद्ध्वस्त होऊ शकतो. प्रत्यक्षात वडिलांच्या एका गुणसूत्रावर हे जनुकच गळालेले आहे. मुलीला वडिलांकडून प्रत आलीच नाही. तिच्याकडे आईची एकच सदोष प्रत आहे आणि एकच प्रत वाचली गेल्यामुळे ती ‘दोन्ही सारख्या’ असल्यासारखी दिसते. एमएलपीएमध्ये वडिलांकडे दोनऐवजी एक प्रत निघते आणि सर्व हिशेब जुळतो. म्हणूनच एमएलपीएशिवायचा अर्धा अहवाल कुटुंबाच्या हातात देऊ नये, आणि पितृत्वाविषयी एक अक्षरही बोलू नये.

याच्या उलट फसगतही होते. काही गुणसूत्रांवर खऱ्या जनुकाच्या एकाऐवजी दोन प्रती असतात, आणि त्यांतील एकीत क्यू३१८एक्स हा बदल असला तरी दुसरी प्रत शाबूत असल्याने ते गुणसूत्र निरोगीच ठरते. प्रती मोजल्या नाहीत तर असा माणूस विनाकारण वाहक (एक सदोष प्रत बाळगणारा) ठरतो आणि ठरलेली सोयरीक मोडते. दोन वेगवेगळे बदल मुलाच्या रक्तात सापडले तरी ते दोन्ही एकाच पालकाकडून, एकाच गुणसूत्रावर आलेले असू शकतात. तसे असेल तर दुसऱ्या बाजूचा दोष अजून सापडायचाच आहे. पालकांच्या नमुन्यांशिवाय यातले काहीच कळत नाही. साधारण एक टक्का रुग्णांत एक दोष पालकांपैकी कोणाकडेच नसतो, तो नव्याने उद्भवलेला असतो; पण हा निष्कर्ष बाकी सर्व शक्यता तपासून झाल्यावरच काढावा.

बदलांची नावे वाचताना एक व्यावहारिक गोंधळ होतो. जुन्या पद्धतीत ज्याला आय१७२एन म्हणत, त्याला नव्या पद्धतीत १७३ क्रमांक मिळतो. व्ही२८१एल चा २८२ होतो, क्यू३१८एक्स चा ३१९. मोठ्या मुलाचा जुना अहवाल आणि धाकट्याचा नवा अहवाल शेजारी ठेवल्यावर क्रमांकात एकाचा फरक दिसला म्हणजे दोष वेगळा आहे असे नव्हे. आजाराची तीव्रता दोन प्रतींपैकी जी कमी बिघडलेली आहे तिच्यावर ठरते. जनुक पूर्ण गळालेले किंवा क्यू३१८एक्स असे दोष दोन्ही बाजूंना असतील तर क्षार गळणारा आजार होतो. एका बाजूला आय१७२एन असेल तर बहुधा क्षार टिकतात पण पुरुषी संप्रेरके वाढतात. व्ही२८१एल असेल तर आजार सौम्य राहतो. सी.२९३-१३ या बदलाचा भरवसा कमी, एकाच घरातील दोन भावंडांतही त्याची तीव्रता वेगळी दिसू शकते.

संप्रेरके सीएएच सांगतात आणि रक्तदाबही वाढलेला आहे, अशा मुलात सीवायपी११बी१ हे जनुक पाहावे. बाकीचे प्रकार विरळ आहेत आणि तेथे पॅनेल तपासणी योग्य ठरते, कारण त्या जनुकांशेजारी असा जवळजवळ हुबेहूब जोडीदार नसतो.

नमुना काढणे आणि पाठवणे

डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी वापरावी. मोठ्यांचे तीन-चार मिली आणि बाळाचे एक-दोन मिली रक्त पुरते. हिरव्या टोपणाच्या नळीतील हेपरिनमुळे पीसीआर अडतो, पण गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, म्हणजे कॅरिओटाइपसाठी, हिरवीच नळी लागते, कारण तेथे पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या असतात. जननेंद्रिय संदिग्ध असलेल्या बाळात दोन्ही तपासण्या लागतात, म्हणून दोन्ही नळ्या एकाच वेळी भराव्यात. अशा बाळाचे लिंग जन्मनोंदीत घाईने लिहून घेऊ नये. नोंदणीसाठी २१ दिवस असतात आणि गुणसूत्रांची जलद तपासणी त्याआधी मिळू शकते.

नळी गोठवू नये. दोन-तीन दिवसांत पोहोचणार असेल तर थंड पाकीट पुरते. शनिवारी संध्याकाळी बेळगावातून कुरिअर केलेली नळी रविवारभर गोदामात पडते आणि एप्रिल-मे महिन्यात अथणी-रायबागकडचा उन्हाळा तिला मानवत नाही, म्हणून सोमवार ते बुधवार हेच पाठवण्याचे दिवस धरावेत. टाचेचे रक्त गाळणकागदावर घेतले असेल तर कार्ड आडवे ठेवून, पंख्याच्या थेट झोतापासून व उन्हापासून दूर, निदान तीन-चार तास वाळवावे. जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबी, जांबोटी या बाजूला हवा इतकी दमट असते की तेवढ्या वेळात डाग वाळतच नाही. वरून कोरडा पण आतून ओला राहिलेला डाग पाकिटात घातला की बुरशी येते. डाग एकसारखा तपकिरी झाल्याशिवाय आणि पाकिटात सिलिका जेलची पुडी ठेवल्याशिवाय ते बंद करू नये.

या भागात नावांचा घोळ फार होतो. एकाच बाळाचे नाव जन्मदाखल्यावर कन्नडमध्ये, कोल्हापूर किंवा मिरजेच्या रुग्णालयाच्या केसपेपरवर मराठीत आणि प्रयोगशाळेच्या फॉर्मवर इंग्रजीत लिहिलेले असते; प्रत्येक ठिकाणी वर्ण वेगळे, आडनाव कधी पुढे तर कधी मागे, आणि दोन-तीन दिवसांच्या बाळाला तर नावच नसते, त्यामुळे आईच्या नावापुढे ‘यांचे बाळ’ असे लिहिलेले असते. आई-वडील व बाळ अशा तीन नळ्या पाठवताना अदलाबदल झाली तर वर सांगितलेला सर्व हिशेब उलटा होतो. म्हणून प्रत्येक नळीवर नावाबरोबर जन्मतारीख, नमुन्याची तारीख आणि बाळाशी असलेले नाते लिहावे, आणि तेही नळी भरल्यावर रुग्णाच्या समोर. आधी चिठ्ठ्या चिकटवून ठेवलेल्या रिकाम्या नळ्या वापरू नयेत. रुग्णाला नुकतेच रक्त चढवले असेल किंवा पूर्वी अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले असेल तर ते प्रयोगशाळेला कळवावे, कारण प्रत्यारोपणानंतर रक्तातील डीएनए दात्याचा असतो.

अ‍ॅडिसन, गाठी आणि रक्तदाब

ग्रंथी निकामी होऊन कॉर्टिसॉल कमी पडणे, म्हणजे अ‍ॅडिसनचा आजार. आपल्याकडे प्रौढ माणसात त्याच्यामागे क्षयरोग असण्याची शक्यता प्रथम विचारात घ्यावी लागते. सीटी स्कॅनमध्ये ग्रंथी सुजलेल्या किंवा त्यांत चुना साचलेला दिसला तर जीन टेस्टचा विचार बाजूला ठेवून क्षयाचा शोध घ्यावा. मुलग्यात मात्र चित्र वेगळे असते. कोणतेही उघड कारण नसताना मुलाची त्वचा, हिरड्या व हाताच्या रेषा काळवंडत असतील आणि कॉर्टिसॉल कमी असेल, तर रक्तातील अतिदीर्घ साखळीची मेदाम्ले तपासलीच पाहिजेत. ती वाढलेली असतील तर एक्स गुणसूत्रावरील एबीसीडी१ जनुक तपासावे, कारण तो अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी हा मेंदूलाही ग्रासणारा आजार असू शकतो. त्यात स्टिरॉइडने ग्रंथीची उणीव भरून निघते, मेंदूचा धोका मात्र कमी होत नाही. निदान झालेल्या मुलाचा साधारण तीन ते बारा वर्षांच्या वयात दर सहा महिन्यांनी मेंदूचा एमआरआय करावा लागतो, म्हणजे बदल सुरू होताच अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वेळ साधता येते. अशा घरात मावशीच्या मुलांची तपासणी लांबणीवर टाकू नये. या जनुकाच्या काही भागाच्याही निकामी प्रती इतर गुणसूत्रांवर आहेत, म्हणून ती अडचण प्रयोगशाळा कशी टाळते हे येथेही विचारावे.

तान्ह्या मुलग्यात सीएएच नसताना ग्रंथी निकामी असेल तर एनआर०बी१, रडताना अश्रू न येणाऱ्या व गिळायला त्रास होणाऱ्या मुलात एएएएस, आणि तोंडात वारंवार बुरशी व कॅल्शियम कमी असणाऱ्या मुलात एआयआरई ही जनुके पाहावीत.

फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रिनलिन सोडणारी गाठ, असलेल्या प्रत्येक रुग्णाला वय कितीही असो जनुकीय तपासणी सुचवावी, कारण साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांत दोष जन्मतःच असतो. त्याआधी रक्तातील मेटानेफ्रिन (अशा संप्रेरकांपासून बनणारी द्रव्ये) मोजावीत. नमुना रुग्णाला २० ते ३० मिनिटे आडवे ठेवून मग घ्यावा, नाहीतर पातळी उगाच वाढलेली दिसते. पॅनेलमध्ये रेट, व्हीएचएल, एनएफ१, एसडीएच गटातील जनुके, मॅक्स व टीएमईएम१२७ असावीत. एसडीएचबीमध्ये दोष असेल तर गाठ पसरण्याचा धोका अधिक, म्हणून पाठपुरावा कडक लागतो. एसडीएचडीचा दोष बहुधा वडिलांकडून आला तरच आजार घडवतो. आईकडून आलेला दोष असलेली मुले निरोगी राहून तो पुढे देतात, त्यामुळे आजार एखादी पिढी गाळल्यासारखा वाटतो. रेटमध्ये दोष निघाल्यास थायरॉइडच्या कर्करोगाचाही धोका असतो. त्यातील ६३४ या जागेचा बदल असलेल्या मुलाची थायरॉइड ग्रंथी साधारण पाच वर्षांच्या आत काढावी लागते, म्हणून भावंडांची तपासणी लगेच करावी. लहान मुलाच्या अ‍ॅड्रिनलच्या बाहेरील थरात कर्करोग झाला असेल तर टीपी५३ तपासावे.

विशीच्या आत रक्तदाब वाढलेला असेल, किंवा घरात चाळिशीच्या आत कोणाला पक्षाघात झाला असेल, आणि अल्डोस्टेरॉन जास्त व रेनिन (त्याला चालना देणारे मूत्रपिंडातील द्रव्य) कमी निघाले, तर सीवायपी११बी१ व सीवायपी११बी२ यांच्या संकर-जनुकाची खास तपासणी मागावी. ती लाँग-रेंज पीसीआरने होते आणि साध्या पॅनेलमध्ये सहसा निसटते. निदान झाले तर अल्प मात्रेतील स्टिरॉइडने रक्तदाब आटोक्यात येतो, म्हणून हा शोध सार्थकी लागतो. याउलट एरवीच्या अल्डोस्टेरॉन-गाठीत केसीएनजे५ सारखे दोष फक्त गाठीच्या पेशींत असतात. ते रक्तात शोधण्यात अर्थ नाही.

अहवाल हातात आल्यावर

२०१५ सालापासून बहुतेक प्रयोगशाळा जनुकातील बदलांचे पाच वर्ग करतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. यांतील मधला वर्ग सर्वांत जास्त छळतो. अर्थ अनिश्चित असलेल्या बदलावरून औषध सुरू करू नये, शस्त्रक्रिया ठरवू नये आणि नातलगांच्या तपासण्या करू नयेत. आपल्या समाजांतील निरोगी माणसांची जनुकीय माहिती जागतिक संग्रहांत कमी असल्याने हा शेरा आपल्याकडे अधिक वेळा येतो. सीएसआयआर या केंद्रीय वैज्ञानिक संशोधन संस्थेच्या इंडिजेन प्रकल्पात १,०२९ भारतीयांचे जीनोम वाचले गेले, तेव्हापासून पडताळणीसाठी निदान एक देशी आधार मिळाला आहे. एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला त्याच माहितीचे पुनर्विश्लेषण करायला सांगता येते, म्हणून अहवालाची मूळ प्रत आणि नमुना क्रमांक जपून ठेवावा. अहवाल इंग्रजीत येतो. डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागे मराठीत चार ओळी लिहून द्याव्यात: कोणते जनुक, कोणता दोष, तो आईकडून की वडिलांकडून आला, आणि घरात आणखी कोणाची तपासणी हवी. पुढचा डॉक्टर हुबळीचा असो वा कोल्हापूरचा, त्याला फाइल चाळावी लागत नाही.

पुढील गरोदरपणाआधी

सीएएच असलेल्या मुलाच्या आई-वडिलांना प्रत्येक गरोदरपणात एक चतुर्थांश शक्यता असते की बाळ आजारी असेल. आजार नसलेल्या भावंडांपैकी सरासरी तिघांत दोघे वाहक असतात. वाहकाला स्वतःला काही त्रास होत नाही हे सासर-माहेर दोन्हीकडे स्पष्ट सांगावे. गर्भाची तपासणी करायची असेल तर दोन्ही पालकांतील दोष गर्भधारणेपूर्वीच सापडलेले असले पाहिजेत, कारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश किंवा १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल घेतल्यावर नव्याने शोध घेत बसायला वेळ उरत नाही.

ही तपासणी १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच होऊ शकते. घरात आनुवंशिक आजार असणे हे त्यासाठी मान्य कारण आहे. गर्भाचे लिंग सांगणे मात्र गुन्हा आहे, आणि सीएएचमध्ये मुलींच्या जननेंद्रियावर परिणाम होतो हे कारण पुढे करून ते विचारू नये. मुलीचा गर्भ असेल या समजुतीने आईला डेक्सामेथासोन देण्याची पद्धत आजही प्रायोगिकच मानली जाते, ती नेहमीचा उपचार म्हणून स्वीकारू नये. कायद्यानुसार गर्भवतीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते आणि त्याची प्रत तिला द्यावी लागते. छापील अर्ज केवळ कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि तिला मराठीच वाचता येत असेल, तर सही करण्यापूर्वी मराठीतील अर्ज मागावा. गर्भाची तपासणी न करण्याचा निर्णयही तितकाच मान्य आहे. त्या जोडप्याने प्रसूती बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात ठरवावी आणि बाळाच्या तिसऱ्या दिवशी १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, तर पहिले तीन आठवडे ठरावीक अंतराने सोडियम, पोटॅशियम व वजन तपासून घ्यावे.